हा नांगर किती बैली?

एप्रिल लागला की तालुक्याच्या गावात अवजारांच्या दुकानांपुढे पलटी नांगरांची रांग उभी राहते. लाल, निळे, पिवळे. फाळांवरचा रंग अजून खरवडलेला नसतो. गिऱ्हाईक नांगराभोवती एक फेरी मारतं, फाळावर बोटांनी टकटक करतं आणि ठरलेला प्रश्न विचारतं, "किती एचपीला चालेल?" उत्तरही ठरलेलं असतं, "पंचेचाळीसच्या पुढं बिनधास्त न्या." आठ दिवसांनी तोच नांगर काळ्या रानात फाळ रुतवून बसतो, ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरत राहतात आणि मालक एकदा ट्रॅक्टरला नावं ठेवतो, एकदा नांगराला. खरं तर दोघांचाही दोष नसतो. प्रश्नच अर्धवट विचारलेला असतो.

आपल्या आज्या-पणज्यांचा प्रश्न पुरा होता. ते विचारायचे, "हा नांगर किती बैली?" चार बैली, सहा बैली, आठ बैली. दख्खनच्या भारी काळ्या जमिनीत मोठा नांगर चालवायचा तर तीन-चार जोड्या एकापुढे एक जुंपाव्या लागत. एवढे बैल एका दावणीला क्वचितच असत, म्हणून सावड होती, इर्जिक होती. कोणाच्या रानाला किती जोड्या लागतील हे गावाला पाठ असे, आणि त्या आकड्यात नांगर, माती, खोली आणि बैलांची कुवत या चारही गोष्टींचा हिशेब आपोआप आलेला असे. "किती एचपी" या प्रश्नात मात्र माती कुठेच नाही. जुना हिशेब नव्या अवजाराला कसा लावायचा, ते पाहू.

ओढीचं गणित

नांगर मातीतून पुढे जाताना मागे खेचणारा जो जोर लागतो, त्याला ओढ म्हणू. ती किलोत मोजता येते. जनावर दिवसभर न दमता जेवढं ओढतं, ते त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतं. चारशे-साडेचारशे किलोच्या दोन बैलांची जोडी म्हणजे ८०-९० किलो ओढ. ताशी अडीच किलोमीटर चालीने ही जोडी एका अश्वशक्तीपेक्षा जरा कमीच काम करते.

आता नांगर. फाळ मातीतून चौकोनी वडी कापतो असं समजा. वडीची रुंदी गुणिले खोली म्हणजे कापलेल्या मातीचा छेद. दर चौरस सेंटिमीटर छेदामागे किती किलो जोर लागतो हे मातीवर ठरतं. ताशी चार किलोमीटर वेगाला आणि माती वाफशावर असताना रेताड, हलक्या रानात तो साधारण ०.३५ किलो असतो, मध्यम पोताच्या रानात ०.५ आणि भारी चिकणमातीत ०.७५. हे आकडे ढोबळ आहेत, पण नांगर निवडायला पुरतात.

बाजारात सर्रास दिसणारा दोन फाळी, बारा इंची पलटी नांगर घ्या. एक फाळ ३० सेंटिमीटर, म्हणजे एका वेळी ६० सेंटिमीटर रुंदी. खोली २० सेंटिमीटर. छेद झाला १२०० चौरस सेंटिमीटर. हलक्या रानात ओढ ४२० किलो, मध्यम रानात ६००, काळ्या भारी रानात ९००. नांगर तोच, ट्रॅक्टर तोच, वेग तोच. बांध ओलांडून काळ्या पट्ट्यात शिरलात की ओढ दुपटीहून जास्त झाली.

खोलीचा मोह याहून महाग पडतो. त्याच काळ्या रानात २० ऐवजी ३० सेंटिमीटर खोल घातलं की छेद १८०० चौरस सेंटिमीटर होतो आणि ओढ १३५० किलोवर जाते. तिसरा फाळ जोडून २० सेंटिमीटरवरच राहिलात तरी आकडा तोच येतो. "दोन फाळी आहे, मग काय होतंय" म्हणत पट्टी खाली सोडणारा चालक नकळत तीन फाळी नांगर ओढत असतो.

काळी माती एवढी जड का जाते? दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत चिकणकणांचं प्रमाण फार मोठं, आणि तेही फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जातीचे. ओली झाली की ती फाळाला आणि पत्र्याला चिकटते, मग माती लोखंडावरून न घसरता मातीवरून माती घसरते. पूर्ण वाळली की आकसून भेगाळते आणि विटेसारखी टणक होते. दोन्ही टोकांना ओढ वाढते, मध्ये काही दिवसांची फट मिळते. त्या फटीला आपल्याकडे नेमका शब्द आहे, वाफसा. मुठीत दाबल्यावर मातीचा गोळा व्हावा आणि छातीच्या उंचीवरून सोडल्यावर तो फुटावा. वाफशावर लागणारी ओढ मे महिन्यातल्या कडक रानात खूपच वाढते. रब्बीचं पीक निघाल्याबरोबर, ओल असतानाच नांगरून घ्यावं असं जुनी माणसं म्हणत, त्यामागे हाच हिशेब होता.

एचपी वेग देते, वजन ओढ देतं

आता ट्रॅक्टरकडे वळू. इथे एक नवल आहे.

ओढीला वेगाने गुणून ७५ ने भागलं की अश्वशक्ती मिळते. ओढ किलोत, वेग दर सेकंदाला मीटरमध्ये. काळ्या रानात ९०० किलो ओढ, ताशी चार किलोमीटर म्हणजे सेकंदाला १.११ मीटर. उत्तर येतं साधारण १३ अश्वशक्ती! इंजिनाची सगळी ताकद नांगरापर्यंत पोचत नाही हे खरं. इंजिनाच्या ५० एचपीतून पीटीओवर ४३ च्या आसपास उरतात, आणि गिअर, धुरा, टायर, माती असा प्रवास करत टणक रानात नांगराशी ३०-३१ पोचतात. तरीही १३ म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमीच.

मग पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर का चालू नये? त्याच्याही नांगराशी वीस-एकवीस एचपी उरतात की. कागदावर पुरतात, रानात पुरत नाहीत, कारण ताकद मातीवर टेकवायला वजन लागतं. टणक रानात ट्रॅक्टरला जी खरी ओढ मिळते ती ओढणाऱ्या चाकांवर पडलेल्या भाराच्या निम्म्याच्या आसपास असते. भुसभुशीत किंवा ओल्या रानात त्याहूनही कमी.

पन्नास एचपीचा, दोनच चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर २१०० किलोचा धरा. उभा असताना मागच्या चाकांवर सुमारे १३०० किलो असतात. नांगरताना पुढचा काही भार मागे सरकतो, नांगराचं वजन आणि मातीचा दाब त्यात मिळतो, आणि भार १९०० किलोपर्यंत जाऊ शकतो. त्याचे निम्मे ९५०. काळ्या रानाची ओढ ९००. म्हणजे जोडी जुळली, पण काठावर. पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर वजनाने हलका. त्याची ओढ साडेसातशे-आठशेला संपते. त्याचं इंजिन बंद पडत नाही, धूरही फार येत नाही. चाक तेवढं स्लिप मारतं.

सगळ्या खरेदीचं मर्म इथे आहे. एचपी तुम्हाला किती वेगाने नांगरता येईल ते सांगते. किती ओढता येईल ते चाकांवरचं वजन सांगतं. त्यामुळे माहितीपत्रकात एचपीच्या ओळीवर थांबू नका, खाली वजनाची ओळ असते ती वाचा. एकाच एचपीच्या दोन ट्रॅक्टरांच्या वजनात दोन-तीनशे किलोंचा फरक सहज सापडतो, आणि नांगरटीत तोच फरक निकाल लावतो. चारही चाकांनी ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं तीन फाळीला नाव निघतं तेही यामुळेच. त्याचं पुढचं वजन नुसतं मिरवत नाही, जुंपलेलं असतं. काळ्या रानात १३५० किलो ओढायचे तर ओढणाऱ्या चाकांवर निदान २७०० किलो हवेत. साठ-पासष्ट एचपीच्या पुढचा, चारही चाकांचा, भरीव ट्रॅक्टरच तिथे टिकतो.

वजन कमी पडलं तर वाढवता येतं. मागच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरलं की आकारानुसार दर टायरला दोनशे किलो किंवा त्याहून जास्त भर पडते; चाकांना लोखंडी वजनंही लावता येतात. पण नांगरट संपली की पाणी काढायचं. वर्षभर तेच वजन घेऊन रानात फिरलात तर माती दाबली जाते, डिझेल जातं आणि नांगराने मोकळा केलेला थर तुम्हीच पुन्हा घट्ट करता.

चाक किती खोटं फिरतं?

थोडी घसर हवीच. टायर मातीत किंचित घसरल्याशिवाय पकड घेत नाही. दोन चाकांनी ओढणाऱ्या ट्रॅक्टरला दहा ते पंधरा टक्के घसर ही चांगली हद्द. ती मोजायला यंत्र लागत नाही, खडू आणि टेप पुरे. मागच्या टायरवर खडूची रेघ ओढा. नांगर उचलून, त्याच रानात, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चाला आणि अंतर मोजा. समजा ४२ मीटर भरलं. आता नांगर नेहमीच्या खोलीवर घालून पुन्हा दहा फेरे. ३६ मीटर भरलं तर सहा मीटर वाया गेले, म्हणजे घसर १४ टक्के. जोडी जुळली. ३१ मीटर भरलं तर घसर २६ टक्के. दर चौथा फेरा फुकट, त्याचं डिझेल फुकट, टायरची झीजही फुकट. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे खोली दोन-तीन सेंटिमीटर कमी करणं. वजन त्यानंतर.

तेवढाही वेळ नसेल तर मागे वळून टायरचा ठसा बघा. ठशाची नक्षी ओळखू येते पण थोडी पुसट होते, तेव्हा घसर ठीक असते. नक्षी पार पुसून गुळगुळीत पट्टा उरला असेल तर घसर जास्त. पाटावर कोरल्यासारखी स्वच्छ नक्षी उठली तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे किंवा नांगर लहान पडतोय. तेही नुकसानच.

सीटशेजारचे दोन दांडेही याच कामाचे. एक पोझिशनचा, दुसरा ड्राफ्टचा. बरेच चालक पोझिशनवरच नांगरतात. मग रानात टणक पट्टा आला की नांगर खोली सोडत नाही आणि चाक फिरतं. ड्राफ्टवर ठेवलं की ओढ वाढताच टॉप लिंकवरचा दाब लिफ्टला कळतो, लिफ्ट नांगर किंचित उचलते, आणि त्या क्षणी नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. ही युक्ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता अडकवलेला असे; फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टर पुढून उचलून चालकावर उलटण्याची भीती असे. फर्ग्युसनने १९२० च्या दशकात तीन बिंदूंची जोडणी आणि ही ओढ ओळखणारी लिफ्ट घडवली. १९३९ मध्ये हेन्री फोर्डबरोबर काढलेल्या ट्रॅक्टरमुळे ती जगभर गेली. आज कुठलाही ट्रॅक्टर घ्या, मागे तेच तीन बिंदू आहेत. तो दांडा मात्र अनेक ट्रॅक्टरांवर गंजलेला दिसतो.

पलटीचं वेगळेपण

आतापर्यंतचा हिशेब कुठल्याही फाळाच्या नांगराला लागू आहे. पलटी नांगराची गोष्ट त्यापुढे आहे.

साधा नांगर माती एकाच बाजूला टाकतो. त्यामुळे रानाच्या मध्ये वरंबा किंवा मोकळं तास राहतं आणि कडेला रिकामे फेरे होतात. पलटी नांगर टोकाला जाऊन हायड्रॉलिकवर उलटतो आणि आल्या तासानेच परत येतो; माती सगळी एकाच अंगाला पडते, रान सपाट राहतं. ज्याला पाटाने पाणी द्यायचं आहे, ज्याचं रान लांबट आणि अरुंद आहे, त्याला ही सपाटी सोन्यासारखी. ऊस मोडलेल्या रानात तर खोडक्या आणि हरळी खाली गाडायला पलटीच लागतो.

पण या सोयीचं मोल वजनात चुकवावं लागतं. दोन फाळी पलटी म्हणजे प्रत्यक्षात चार फाळ: दोन मातीत, दोन हवेत. शिवाय उलटवायचा सिलिंडर आणि जाड चौकट. त्यामुळे ओढ जुळली तरी उचल जुळेलच असं नाही. एक उदाहरण करू. नांगर ४०० किलोचा, त्याच्या वजनाचा मध्य मागच्या धुऱ्यापासून १.७ मीटर मागे, ट्रॅक्टरच्या दोन धुऱ्यांमधलं अंतर दोन मीटर. नांगर उचलला की पुढची चाकं ४०० × १.७ ÷ २, म्हणजे ३४० किलोंनी हलकी होतात. २१०० किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर ८०० किलो होते, उरले ४६०. स्टिअरिंग ताब्यात राहायला पुढे ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान वीस टक्के भार राहावा असा दंडक आहे, म्हणजे इथे ४२०. निभावलं. आता त्याच ट्रॅक्टरला ५५० किलोचा तीन फाळी लावा, मध्य दोन मीटर मागे. पुढचा भार थेट ५५० ने उतरतो आणि २५० उरतो. बांध चढताना पुढची चाकं उचलतील, डांबरी रस्त्यावर वळण घेताना ट्रॅक्टर सरळ जाईल. पुढे वजनाच्या पाट्या लावून हे काही अंशी सावरतं. माहितीपत्रकात लिफ्टची जी उचल छापलेली असते ती बहुधा हुकांच्या टोकाशी मोजलेली असते; भार जितका मागे, तितकी ती कमी भरते, हेही लक्षात असू द्या.

मापाची आणखी एक जुळणी राहते. पलटी नांगरताना ट्रॅक्टरचं एक चाक तासात चालतं. जाताना उजवं, येताना डावं. दोन चाकांमधलं अंतर आणि पहिल्या फाळाची रुंदी जुळली नाही तर पहिला फाळ कधी कमी कापतो, कधी जास्त. नांगर एका अंगाला खेचतो, चालक दिवसभर स्टिअरिंगशी झगडतो आणि दोष देतो नांगराच्या कंपनीला. चाकांची रुंदी बदलता येते; दोन्ही बाजू सारख्या राहतील एवढं पाहायचं.

घाई आणि बोथट फाळ

ओढीवर वेगाचाही अंमल असतो, आणि तो सरळ प्रमाणात नसून वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो, कारण माती नुसती कापायची नसते, बाजूला भिरकवायची असते. ताशी चारवरून आठ किलोमीटरवर गेलात तर ओढ सुमारे एक तृतीयांशाने वाढते. ज्याच्याकडे एचपी भरपूर आणि वजन बेताचं, तो इथे फसतो: गिअर वर टाकतो, ओढ वाढते, चाक फिरतं. ताशी चार किलोमीटरने दोन फाळी नांगराला एकर संपवायला वळणांसह दोन तास लागतात. एकरावर भाडं घेणाऱ्याला ते जड वाटतं खरं, पण स्लिप मारत वाचवलेला वेळ टायरच्या दुकानात परत द्यावा लागतो.

आणि फाळ. पूर्वी हंगामाआधी लोहाराकडून फाळ पाजवून आणण्याचा रिवाज होता. आज बोल्ट सोडून नवा फाळ बसवायचा असतो, पण पुढच्या वर्षी पाहू म्हणत झिजून गोल झालेल्या टोकाने हंगाम काढला जातो. बोथट फाळ नीट शिरत नाही, शिरला तर माती कापण्याऐवजी ढकलतो. ओढ वाढते आणि वर्षानुवर्षं तळाशी घट्ट थर बसत जातो.

कागद मागा

ट्रॅक्टरची खरी ओढ किती, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडायचं कारण नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोट्या दाव्यांचे ट्रॅक्टर एवढे खपले की विल्मॉट क्रोझिअर नावाचा एक पोळलेला शेतकरी आमदार झाल्यावर इरेला पेटला, आणि १९१९ मध्ये नेब्रास्का राज्याने कायदाच केला: आधी विद्यापीठात चाचणी, मगच विक्री. आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशातल्या बुदनीची केंद्र सरकारची संस्था करते. तिच्या अहवालात पीटीओची शक्ती, वजन, लिफ्टची उचल आणि ट्रॅक्टरने प्रत्यक्ष किती किलो ओढले, तेही वजन लावून आणि न लावता, असं सगळं असतं. ओढीचा तो एक आकडा हाती आला की वरचं गणित पाच मिनिटांचं. मात्र चाचणी पक्क्या धावपट्टीवर होते. रानात त्यातलं बरंच कमी हाती लागतं हे धरून चला. काठावर जुळणारी जोडी घेऊ नका. कडक रान, दगड, चढ यांच्यासाठी पाव हिस्सा ताकद शिल्लक असावी.

महाराष्ट्रात लोखंडी नांगर आला तेव्हाही त्याला मातीच्या परीक्षेतून जावं लागलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये आपला नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी त्याला हात लावेनात. रानात चालवून पाहिल्यावरच तो पटला. आजची समजूत उलटी आहे: लोखंड जितकं जास्त तितकं चांगलं. तिलाही उत्तर रानातूनच मिळतं.

तेव्हा दुकानात पुन्हा जाल तेव्हा जुना प्रश्न विचारा. जोडीला ९० किलो ओढ धरली, तर बारा इंची दोन फाळी पलटी नांगर हलक्या रानात नऊ-दहा बैली आहे, मध्यम रानात तेरा-चौदा बैली आणि काळ्या भारी रानात पुरा वीस बैली. नांगरावर एकच आकडा रंगवलेला असला तरी त्याचे बैल तुमची जमीन ठरवते. दुकानदाराला ती ठाऊक नाही. तुम्हाला आहे.